टॉप मॉडेलचा नकाशा आणि वरंध्याचा घाट

मोटार घ्यायचे ठरले की घरात पहिला वाद कंपनीवरून होतो, दुसरा रंगावरून आणि तिसरा ‘टॉप मॉडेल घ्यायचे की मधले’ यावरून. या तिसऱ्या वादात पैसा सर्वांत जास्त गुंतलेला असतो आणि विचार सर्वांत कमी होतो. टॉप मॉडेलच्या यादीत सनरूफ असते, अलॉय व्हील असतात, चारी बाजूंचे दाखवणारा कॅमेरा असतो आणि त्यांच्या जोडीला गाडीत बसवूनच आलेले नेव्हिगेशन असते. ‘मोबाइलला रेंज नसली तरी हे चालतं,’ असे शोरूममध्ये हमखास सांगितले जाते. पुण्याच्या गिऱ्हाइकाला ते चटकन पटते, कारण शनिवार-रविवारी तो जिकडे गाडी काढतो तिकडे रेंज जाते, हे त्याला ठाऊक असते. राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा, मढे घाट, भाटघरचे पाणी, वरंधा हे सगळे भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या अंगाखांद्यावर आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगडाचे नाव लागले, तेव्हा परमुलखातल्या गाड्यांची ओढ आता कमी व्हायची नाही. म्हणून गाडीतल्या नेव्हिगेशनची परीक्षा घ्यायची तर ती लक्ष्मी रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. ती इथे घेतली पाहिजे. ती इथे घेतली तर निघणारा निकाल असा, की बहुतेक गिऱ्हाइकांसाठी हा खर्च वसूल होत नाही. मात्र ‘फोनमध्ये फुकट मिळते ना’ हे जे कारण सर्रास दिले जाते, ते त्यामागचे खरे कारण नव्हे.

आधी पैशांचा हिशेब. नेव्हिगेशन सुटे विकत मिळाले असते तर प्रश्न सोपा होता. पण ते गठ्ठ्यात बांधून येते. समजा, मधल्या आणि वरच्या मॉडेलमधला फरक 1 लाख रुपयांचा आहे. महाराष्ट्रात खाजगी मोटारीचा एकरकमी कर गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत आकारला जातो. 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो 11 टक्के पडतो. म्हणजे फरक तिथेच 1 लाख 11 हजार झाला. ही रक्कम कर्जातून आली आणि व्याज 9 टक्के, मुदत पाच वर्षांची धरली, तर हप्ता सुमारे 2,300 रुपये वाढतो आणि अखेरीस 1 लाख 38 हजारांच्या आसपास रक्कम खिशातून जाते. किंमत चढली की विम्याचा हप्ताही चढतो. हा सगळा पैसा नेव्हिगेशनचा नाही, हे मान्य. ज्याला सनरूफ आणि कॅमेरा हवाच आहे, त्याच्यासाठी नकाशा वरकड म्हणून आला. त्याने या लेखाची चिंता करू नये. प्रश्न त्याचा आहे जो बाकीच्या गोष्टींशिवाय भागवू शकतो, पण ‘गडावर जाताना रस्ता चुकायला नको’ एवढ्यासाठी वरच्या मॉडेलवर बोट ठेवतो.

हे यंत्र करते काय, ते नीट सुटे करून पाहिले पाहिजे, कारण त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोघींची किंमत एकत्र लावली जाते. एक वस्तू सांगते की गाडी पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहे. दुसरी सांगते की तिथे रस्ता कोणता आणि तो कुठे जातो. पहिली म्हणजे अँटेना, चाकांच्या फेऱ्या मोजणारे सेन्सर, वळण ओळखणारा जायरोस्कोप. दुसरी म्हणजे नकाशा. या दोघी पहिल्यापासून वेगळ्या आहेत. होंडाने 1981 मध्ये जपानात अकॉर्ड गाडीत ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ नावाचे यंत्र दिले, तेव्हा त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. जायरोस्कोप दिशा सांगे, चाके अंतर सांगत आणि नकाशाची पारदर्शक पाने पडद्यावर हाताने बदलावी लागत. पुढे अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांनी पहिली वस्तू कमालीची सुधारली. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरच्या घरातली तफावत दहा-वीस मीटरवर आली. भारताची स्वतःची ‘नाविक’ यंत्रणाही इस्रोने 2013 पासून उपग्रह सोडत उभी केली. थोडक्यात, ‘मी कुठे आहे’ हा प्रश्न आता जवळजवळ सुटला आहे. पैसे देताना विचारायचा तो दुसरा प्रश्न: ‘रस्ता कुठे आहे, आणि आज तो सुरू आहे का?’

भोर-वेल्ह्यात हा दुसरा प्रश्न जितका अवघड आहे तितका पुण्याच्या आसपास क्वचितच कुठे असेल. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा निघतात आणि त्यांच्या बेचक्यांत कानद खोरे, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, हिरडस मावळ अशी खोरी एकापलीकडे एक पडली आहेत. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा या नद्या आपापल्या खोऱ्यातून उतरतात आणि रस्तेही त्यांच्याच काठाने चढतात. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड गाठावी लागते, नाहीतर खाली हमरस्त्यापर्यंत येऊन पुन्हा वर चढावे लागते. त्यात पाणी आडवे येते. 1928 मध्ये पुरे झालेल्या भाटघर धरणाने वेळवंडीचे खोरे व्यापले आहे; नीरा देवघरच्या पाण्याने नीरेचे. शहरात एक वळण चुकले तर पुढच्या चौकात ते सुधारते. इथे फाटा चुकला तर समोर दिसणारे गाव पाण्यापलीकडे राहते आणि अख्खी दुपार जाते.

राजगडाचेच पाहा. गडावर जायचे प्रचलित रस्ते निदान तीन. गुंजवण्याहून चोरदरवाजाने चढता येते; त्यासाठी नसरापूरकडून मार्गासनीला येऊन साखरमार्गे आत वळायचे. पालीकडून चढायचे तर वाजेघरच्या बाजूला जावे लागते आणि पायऱ्यांची चढण चढून पाली दरवाजात पोहोचतो. तिसरी वाट भुतोंड्याहून अळू दरवाजाची. पण भुतोंडे वेळवंड खोऱ्याच्या माथ्याला, भोरच्या अंगाने जायचे गाव. आता पडद्यावर नुसते ‘राजगड किल्ला’ टाकले की खूण उमटते ती डोंगरावर, बालेकिल्ल्याच्या आसपास. तिथे गाडीरस्ता नाही, म्हणून संगणक त्या खुणेपासून हिशेबाने जवळ पडणारे गाडीरस्त्याचे टोक शोधतो. ते टोक कोणत्या दरवाजाखाली येते, तिथून लहान मुलांना चढवता येते का, गाडी लावायला जागा आहे का, हे त्याच्या हिशेबात नसते. त्यातच 13 मार्च 2024 च्या मंत्रिमंडळ निर्णयाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाले. राजगड नावाचे पोलीस ठाणे आहे ते भोर तालुक्यात, नसरापूरला. राजगड सहकारी साखर कारखानाही भोर तालुक्यातच, निगड्याला. नाव एक आणि ठिकाणे चार, अशा वेळी 2023 मध्ये भरलेला नकाशा चुकीचे बोट दाखवील यात नवल नाही. जाणता प्रवासी ‘राजगड’ टाकतच नाही. तो ‘गुंजवणे’ टाकतो. पण मग रस्त्याचे खरे ज्ञान त्या माणसाचे झाले, यंत्राचे नव्हे.

वेल्ह्याला जाण्याच्या रस्त्याची गोष्टही अशीच. पुण्याहून एक रस्ता सातारा महामार्गाने खेड शिवापूरचा टोल ओलांडून चेलाडी फाट्याला वळतो आणि नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जातो. दुसरा सिंहगड रस्त्याने खडकवासला, खानापूर मागे टाकून पाबे घाटाने उतरतो. टोलनाक्याला रांग लागली की नकाशा दुसऱ्या रस्त्याला वेळ कमी दाखवू शकतो. नकाशाला किलोमीटर कळतात, सरासरी वेग कळतो. पावसात धुके उतरल्यावर अरुंद घाटात समोरून आलेल्या एसटीला वाट देण्यासाठी किती मागे यावे लागेल, हे कळत नाही. वाहन चालवायला नुकते शिकलेल्याने पाबे घाट टाळावा, हे स्थानिक माणूस एका वाक्यात सांगतो. नेव्हिगेशनच्या ‘सर्वांत जलद मार्ग’ या बटणात ते वाक्य बसवलेले नाही.

आता गाडीतल्या यंत्राच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ: रेंज. मढे घाटाच्या वाटेवर, पासली-केळदकडे, हिर्डोशीच्या पुढे फोनचे दांडे गळतात ही खरी गोष्ट आहे. पण रेंज गेली म्हणजे जीपीएस गेले, ही समजूत चुकीची आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून एकतर्फी संदेश सोडत असतात. निदान चार उपग्रहांचा संदेश मिळाला की फोन असो की गाडी, आपली जागा स्वतःच काढते. त्याला मोबाइल टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नकाशाचे तुकडे उतरवायला, पत्ता शोधायला आणि वाहतुकीची ताजी खबर घ्यायला. एक फरक मात्र जाणवतो. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती 30 सेकंदांच्या एकेका फेरीत पाठवत असतो. रेंज असताना फोन ही माहिती इंटरनेटवरून झटकन उचलतो. रेंज नसताना ती आकाशातूनच सावकाश घ्यावी लागते आणि अरुंद खोऱ्यात, दोन्ही बाजूंनी डोंगर असताना, मध्येच संदेश तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. खोऱ्यात फोन बंद करून परत सुरू केला की निळा ठिपका मिनिटभर भरकटतो, तो यामुळे. टपावर अँटेना असलेली, चाकांच्या फेऱ्या मोजणारी गाडी इथे सरस ठरते. कात्रजच्या बोगद्यातही तिला आपण किती पुढे आलो ते कळत असते. पहिल्या वस्तूच्या बाबतीत गाडीचे यंत्र फोनपेक्षा चांगले आहे, हे निःसंशय.

पण एवढ्याशा सरसपणासाठी मोजायची किंमत तपासली पाहिजे. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर भोर, वेल्हे आणि महाडचा पट्टा फोनमध्ये उतरवून घेतला की गूगल मॅप्स रेंजशिवायही गाडीचा रस्ता दाखवते. ताजी वाहतूक तेवढी दिसत नाही. स्वयंसेवकांनी 2004 पासून उभारलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी फुकट ॲप्स तर पूर्ण नकाशाच फोनमध्ये ठेवतात, आणि गिर्यारोहकांनी भरलेल्या पायवाटाही अनेकदा त्यांत सापडतात. ‘मॅपमायइंडिया’ ही 1995 पासून भारताचे नकाशे करणारी देशी कंपनी. तिचे नकाशे अनेक गाड्यांत बसवलेले असतात, आणि तिचेच ‘मॅपल्स’ हे ॲप फोनवर पैसे न देता मिळते. रेंजची अडचण सोडवायला लागते ती आदल्या रात्रीची दहा मिनिटे. शिवाय आजचे नवे ‘कनेक्टेड’ नेव्हिगेशन ताजी खबर घेते ते गाडीतल्या सिमवरून, आणि ते सिमही त्याच टॉवरांवर विसंबून असते. जिथे टॉवरच नाही तिथे गाडीचे सिम आणि खिशातले सिम एकाच पंगतीला बसतात. पहिली काही वर्षे ही सेवा फुकट देऊन पुढे वार्षिक वर्गणी लावली जाते, हेही गाडी घेतानाच विचारून घ्यायला हवे.

खरी कसोटी वरंध्याची. भोरहून महाडला उतरणारा हा घाट दर पावसाळ्यात दरडींच्या भीतीने बंद होतो. जड वाहनांना पावसाळाभर मनाई होते. हवामान खात्याने रेड किंवा ऑरेंज अलर्ट दिला की हलक्या वाहनांनाही बंदी, अशा स्वरूपाचे आदेश जिल्हा प्रशासनाने काढले आहेत. मग ताम्हिणीने माणगावकडे उतरायचे किंवा वाई-महाबळेश्वर करून आंबेनळी घाटाने पोलादपूर गाठायचे, असे पर्याय सांगितले जातात. आदेशाचे स्वरूप लक्षात घ्यावे: रस्ता आज सुरू की बंद हे ठरते ते मुंबई-पुण्याच्या वेधशाळेने दुपारी दिलेल्या इशाऱ्यावर. मेमरी कार्डावर साठवलेल्या नकाशाला हे कळण्याचा मार्गच नाही. त्याच्या लेखी वरंधा बाराही महिने सरळ, मोकळा रस्ता आहे. तो गाडीला कापूरहोळवरून भोरला, तिथून नीरा देवघरच्या काठाकाठाने घाटाच्या तोंडापर्यंत नेऊन उभा करील आणि तिथे पोलिसांचा अडसर दिसल्यावर आल्या वाटेने परत फिरावे लागेल. हजारोंचा नकाशा फसतो तो नेमका ज्या दिवशी त्याची गरज सर्वांत जास्त असते त्या दिवशी.

यावर सरळ आक्षेप असा: फोनचा नकाशा तरी कुठे शहाणा आहे? आक्षेप रास्त आहे. जानेवारी 2021 मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याने तो पूल वर्षातले काही महिने बुडतो. चालकाचा मृत्यू झाला. गाडी गूगल मॅप्सने दाखवलेल्या रस्त्याने गेली होती आणि पुलाशी इशाऱ्याचा फलक नव्हता, असे वृत्तांत आले. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर गूगल मॅप्सच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा दाखल झाला. भाटघर आणि नीरा देवघरच्या काठच्या लोकांना या घटना वाचताना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाणी कमी झाले की जुनी मंदिरे आणि जुन्या वाटा उघड्या पडतात आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतात, हे त्यांचे नित्याचे आहे. तेव्हा फोनचा नकाशा आंधळेपणाने खरा मानावा, असे इथे कोणी म्हणत नाही. फरक एवढाच, की फोनच्या नकाशातली चूक कोणी कळवली तर ती काही तासांत किंवा दिवसांत सर्वांसाठी दुरुस्त होऊ शकते. गाडीच्या कार्डावरची चूक मालक सर्व्हिस सेंटरला जाऊन नवे अपडेट घालीपर्यंत तशीच राहते. ते अपडेट किती जण घालतात, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या गाडीमालकांना विचारून पाहावे.

यंत्र जुने होण्याचा मुद्दा याला जोडूनच येतो. मोटार पंधरा वर्षांच्या नोंदणीने घेतली जाते; फोन चार-पाच वर्षांत बदलतो आणि बदलताना नकाशाही आपोआप नवा होतो. गाडीच्या डॅशबोर्डात बसवलेली यंत्रणा मात्र गाडीबरोबरच म्हातारी होते. 2022 मध्ये अमेरिकेत थ्रीजी जाळे बंद झाले आणि अनेक गाड्यांच्या ‘कनेक्टेड’ सोयी, गाडी ठणठणीत असतानाही, गेल्या. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी होंडाच्या काही जुन्या गाड्यांच्या नेव्हिगेशनमधले घड्याळ 2002 साल दाखवू लागले. घड्याळाने कोणाचे मोठे नुकसान झाले नाही. पण इंजिनाच्या आयुष्याशी सॉफ्टवेअरचे आयुष्य बांधले की काय होते, ते त्यातून दिसते. सेकंडहँड बाजारात दहा वर्षांच्या गाडीला ‘नेव्हिगेशनवाली’ म्हणून चढा भाव मिळणे कठीण, ते याचमुळे.

सुरक्षिततेचा आक्षेप याहून गंभीर आहे. हातात फोन धरून चालवणे धोक्याचे, आणि मोटार वाहन कायद्याखाली दंडाचेही. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांत रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला सूट आहे, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. काचेला चिकटवलेला फोन उन्हात तापतो, बंद पडतो, वळणावर निसटतो. हे सगळे खरे. पण या आक्षेपाचे उत्तर नेव्हिगेशन नाही, पडदा आहे. अ‍ॅपलने 2014 मध्ये कारप्ले आणि गूगलने 2015 मध्ये अँड्रॉइड ऑटो आणल्यापासून फोनचा नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर दिसतो, आवाज स्पीकरमधून येतो आणि फोन खणात राहतो. हा पडदा बऱ्याच गाड्यांच्या मधल्या मॉडेलांतही मिळतो. लक्ष रस्त्यावर राहावे म्हणून पैसे घालायचे तर ते इथे घालावेत.

एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत मात्र पारडे दुसरीकडे झुकते: विजेवरची गाडी घेणारा. घाट चढताना बॅटरी झरझर उतरते, उतारावर थोडी परत भरते, आणि पुढचे चार्जिंग केंद्र किती दूर हे कळणे तिथे सोयीचे नसून गरजेचे असते. बॅटरीत नेमके किती शिल्लक आहे हे गाडीच्याच यंत्राला सर्वांत आधी कळते, म्हणून चढ-उताराचा हिशेब करून वाट आखणारे नेव्हिगेशन तिथे आपली किंमत वसूल करू शकते. रोज त्याच आडवाटांनी माल नेणाऱ्या वाहतूकदारालाही टपावरच्या अँटेनाचा लाभ मिळेल. पण त्याला रस्ता पाठ असतो, त्यामुळे त्याला नकाशाची गरजच सर्वांत कमी.

तेव्हा सल्ला असा. पेट्रोल-डिझेलची गाडी घेणाऱ्याने केवळ नेव्हिगेशनसाठी वरचे मॉडेल घेऊ नये. फोन जोडता येणारा पडदा घ्यावा, खोऱ्याचा नकाशा आधी उतरवून ठेवावा, गडाऐवजी पायथ्याच्या गावाचे नाव टाकावे आणि पावसाळ्यात वरंध्याला निघताना जिल्हा प्रशासनाचा आदेश पाहावा. गाडीतलेच नेव्हिगेशन हवे असेल, तर नकाशा किती वर्षे फुकट अद्ययावत होईल आणि त्यानंतर वर्गणी किती, हे लेखी घ्यावे. विक्रेता लेखी द्यायला कचरला, तर किंमत यंत्राची सांगितली जात होती आणि ताज्या नकाशाची जबाबदारी कोणीच घेत नव्हते, एवढे नक्की कळेल.

पण गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर सगळे सोडून भागणार नाही. घाट बंद करण्याचा आदेश आज पत्रक म्हणून निघतो, वर्तमानपत्रात छापला जातो, व्हॉट्सअॅपवर फोटो होऊन फिरतो. त्याच क्षणी तो नकाशा कंपन्यांच्या संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक स्वरूपात, रस्त्याच्या तुकड्याच्या क्रमांकासह, सर्वांसाठी खुला करणे हे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. धरणाच्या पाण्याखाली जाणारे पूल, दरडप्रवण वळणे, तालुक्यांची बदललेली नावे यांनाही तोच न्याय लावता येईल. ती माहिती सरकारकडेच सर्वांत आधी असते, आणि ती करदात्याच्या पैशानेच तयार झालेली असते. फुकट ॲप, देशी ॲप, महागड्या गाडीचा पडदा, सगळ्यांना ती एकाच वेळी मिळाली, तर नकाशाचा ताजेपणा टॉप मॉडेलपुरता उरणार नाही. आणि कोतूळसारख्या पुलाशी फलक नसला तरी पडद्यावर इशारा येईल. तोवर गाडीतल्या नेव्हिगेशनसाठी जादा लाखभर मोजणारा गिऱ्हाईक आपल्या खिशातून अशा एका उणिवेची भरपाई करू पाहतो आहे, जी भरून काढणे कोणत्याही मोटार कंपनीच्या हातात नाही.